रिपोर्टमधले बीकेटी, मिसिक आणि व्हीएसएमएस आले कुठून

शाळेने "मुलाची असेसमेंट करून आणा" म्हणून सांगितलं की घरात आधी रडारड, मग फोनाफोनी, मग हॉस्पिटलच्या चकरा, आणि शेवटी हातात जो चार-पाच पानी रिपोर्ट पडतो त्यातला आयक्यूचा (बुद्ध्यांकाचा) आकडा तेवढा सगळे बघतात. बीकेटी, मिसिक, व्हीएसएमएस ही त्यातल्या चाचण्यांची नावंही तशीच राहून जातात. बाकीची पानं कोणी वाचत नाही, खरं तर कामाचं बरंचसं त्याच पानांत असतं. आईबाबांनी काय सांगितलं, मूल घरी कसं वागतं, बोलायला कधी लागलं हे सगळं. आणि घरच्यांना असं नीट बसवून विचारायची पद्धत काही सुरुवातीपासून नव्हती बरं का, मधे तर घरच्यांनाच आरोपी करून झालंय.

सुरुवात पॅरिसची. फ्रान्समध्ये १८८२ मध्ये शिक्षण सक्तीचं झालं, सगळ्या थरातली पोरं वर्गात आली, आणि काहींना काहीच जमत नाहीये हे मास्तरांच्या लक्षात यायला लागलं. १९०४ मध्ये सरकारने कमिटी नेमली, १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी चाचणी काढली. हेतू एवढाच की जादा मदत कोणाला लागणार ते मास्तरांच्या मर्जीवर राहू नये. बुद्धी म्हणजे कायमचा ठप्पा हे बिनेंना अजिबात मान्य नव्हतं, पण ते १९११ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला (मूल किती वर्षांच्या मुलाइतके प्रश्न सोडवतं ते) खऱ्या वयाने भागायची आयडिया काढली, १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या टर्मननी त्याला १०० ने गुणलं, झाला आयक्यू तयार.

अमेरिकेत याचं जे झालं ते वाचून अंगावर काटा येतो. न्यू जर्सीत व्हाइनलँड नावाच्या गावी मतिमंद (तेव्हाचा शब्द) मुलांची संस्था होती, तिथले हेन्री गोडार्ड. त्यांनी संस्थेतल्या एका मुलीच्या खानदानाचा अभ्यास १९१२ मध्ये छापला. त्यांची माणसं घरोघरी जायची, लोकांकडे नुसतं बघून कोण मंदबुद्धी ते ठरवायची आणि मेलेल्या पूर्वजांचाही निकाल ऐकीव माहितीवर लावून टाकायची! निष्कर्ष काय तर दोष रक्तातच. तो अभ्यास नंतर पार निकालात निघाला, पण असल्या विचारांचा जोर इतका होता की १९२७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा उचलून धरला.

मधल्या काळात नोकरीतही हे शिरलंच. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा १७ लाखांच्या आसपास सैनिकांना गठ्ठ्याने चाचण्या दिल्या, वाचता येणाऱ्यांना अल्फा आणि न येणाऱ्यांना चित्रांची बीटा. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, डेहराडूनला अधिकारी निवडीचा प्रयोग झाला, तोच आजच्या एसएसबीचा, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाचा, पूर्वज. पुण्यात एसएसबीचे क्लास लावून पोरं चित्रांवरच्या गोष्टी पाठ करून जातात, हे बघून आधीच्या लोकांना काय वाटलं असतं कोण जाणे.

आता आपल्याकडचं. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी धारवाड भागातल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बदलून घेतली, त्यावरचा लेख १९३४ मध्ये आला आणि १९४० मध्ये पुस्तक. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यातच होतं. रिपोर्टमध्ये बीकेटी लिहिलेलं असतं ते हेच, बिने-कामत टेस्ट. प्रत्येक वयाला ठराविक प्रश्न, जमतील तेवढ्या प्रश्नांचे महिने मानसिक वयात पदरात. म्हणजे मराठी मुलं या चाचणीत अगदी पायापासून आहेत, भारी वाटतं, पण हेही आहे की मूळ काम नव्वद वर्षांपूर्वीचं आणि ती चाचणी अजून चालू आहे. त्या काळच्या पोरांच्या सरासरीवर आजच्या पोराला मोजायचं म्हणजे आकडा थोडा जपूनच घ्यायला हवा ना.

पुढचं स्टेशन नागपूर. तिथे फादर आर्थर मालिन यांनी मुलांसाठीच्या वेश्लर या बुद्धिचाचणीचं (ती १९४९ ची) भारतीय रूप १९६९ मध्ये आणलं, तेच मिसिक. त्यात तोंडी प्रश्न वेगळे आणि ठोकळे, चित्रं, हाताने करायच्या गोष्टी वेगळ्या. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. व्हाइनलँडच्याच त्या संस्थेत एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये वेगळीच मोजपट्टी काढली होती, मुलाला प्रश्न न विचारता घरच्यांना विचारायचं की हा हाताने जेवतो का, बटणं लावतो का, एकटा दुकानात जातो का. मालिननी ती इथल्या घरांना जुळवून घेतली. हीच व्हीएसएमएस (व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल), ८९ मुद्दे, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. ज्या संस्थेने घराण्यावर शिक्का मारला तिथूनच घरच्यांना साक्षीदार मानणारी पद्धत यावी, आणि ती आपल्यापर्यंत नागपूरमार्गे पोचावी! तरी आपल्याकडे अजून "आईचं लक्ष नाही" हेच आधी ऐकू येतं, ते वेगळं.

एलडीचं (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) म्हणाल तर महाराष्ट्र बऱ्यापैकी पुढे होता. १९९६ पासून इथे बोर्डाच्या परीक्षेत सवलती सुरू झाल्या, जादा वेळ, एखाद्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित वगैरे. केंद्राच्या १९९५ च्या अपंग कायद्यात एलडी नव्हतीच, ती आली २०१६ च्या कायद्यात, २१ प्रकारांपैकी एक म्हणून. गंमत बघा, एलडीच्या सर्टिफिकेटसाठी आयक्यू ८५ च्या वर लागतो, म्हणजे मदत कोणाला हे शोधायला काढलेली चाचणी इथे दारावरचा वॉचमन झाली. ७८ वाला मुलगा वाचनात तितकाच अडतो, पण तो या रांगेत बसत नाही आणि मतिमंदत्वाच्या रांगेतही नाही, त्याचे आईबाप नुसते फिरत राहतात.

२०१८ च्या केंद्राच्या नियमांत सर्टिफिकेट मूल आठ वर्षांचं झाल्यावरच द्यायचं, मग १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि अठराव्याला मिळालेलं कायमचं, असं होतं. तेव्हा जुने रिपोर्ट, शाळेच्या वह्या, बाईंनी लिहिलेले शेरे असं काहीही टाकू नका, पुढच्या वेळी समोर बसणारी व्यक्ती बहुतेक नवीन असते आणि सगळी हिस्ट्री तुम्हालाच पहिल्यापासून सांगायची असते.