आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार: कोणता भाग उरला, यावर सारे अवलंबून

आतड्याची मोठी शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी आला की कोल्हापुरातल्या घरांत त्याला ताकद यावी म्हणून मटणाचा अळणी (तिखट-मसाला नसलेला, पण मीठ असलेला) रस्सा आणि म्हशीचे निरसे दूध देण्याची घाई होते. त्यामागची माया खरी आहे. परंतु रुग्णाला काय सोसेल हे आतड्याचा कोणता भाग काढला आणि कोणता उरला यावर ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट डॉक्टरांना विचारायची राहून जाते.

लहान आतडे साधारण ६ मीटर लांब असते. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जातात, तर बी-१२ जीवनसत्त्व आणि पित्तातील क्षार शेवटच्या भागात. वरचा भाग काढला तर खालचा भाग त्याचे बरेचसे काम हळूहळू अंगावर घेतो. शेवटच्या भागाचे काम मात्र दुसऱ्या कोणत्याही भागाला जमत नाही. हा शेवटचा भाग ६० सेंटिमीटरपेक्षा अधिक काढलेला असेल, तर बी-१२ची इंजेक्शने बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे ही कमतरता उशिरा उघड होते आणि पायांना मुंग्या येऊ लागल्यावर जुन्या शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज पाण्याबद्दल आहे. आपण पितो ते सुमारे २ लिटर आणि लाळ, जठररस, पित्त इत्यादी पाचकरसांचे ६ ते ७ लिटर असे एकूण ८-९ लिटर पाणी रोज आतड्यात उतरते आणि त्यातले जवळजवळ सगळे परत शोषले जाते. लहान आतड्याचे टोक पोटावर काढून पिशवी लावलेल्या रुग्णात मोठ्या आतड्याची मदत थांबते, आणि लहान आतडेही बरेचसे गेले असेल तर पिशवीतून पाण्याबरोबर भरपूर सोडियम वाहून जाते. अशा रुग्णाला तहान फार लागते म्हणून घरचे तांब्यामागून तांब्या साधे पाणी देतात. पण आतड्याच्या वरच्या भागाचे अस्तर असे असते की आत सोडियम कमी असलेले पाणी आले की रक्तातले सोडियम उलट आतड्यात उतरते आणि पिशवी अधिकच भरते. उसाचा रसही इथे घातक ठरतो, कारण त्यातली दाट साखर आतड्यात पाणी ओढून घेते.

यावरचा उपाय मीठ आणि ग्लुकोज यांच्या योग्य मिश्रणात आहे, कारण आतड्याच्या पेशी ही दोन्ही एकत्रच आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. पिशवीतून दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त द्रव जात असेल, तर एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण दिवसभर घोटघोट देतात व साधे पाणी मर्यादित ठेवतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच सुरू करू नये.

आता अळणी रस्सा. चवीला आणि मिठासाठी तो चांगलाच आहे, पण प्रथिने बहुतांशी मटणाच्या तुकड्यांत राहतात, रश्श्यात नव्हे. जखम भरण्याच्या काळात वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात हे लक्षात घेतले की वाटीभर रश्श्यावर भागणार नाही हे कळते. मऊ शिजवलेला खिमा, अंडी, मुगाचे वरण, ताजे दही हे थोडे थोडे करून दिवसातून सहा वेळा दिलेले बरे. निरसे दूध टाळावे. त्यात जंतूंचा धोका असतो, शिवाय म्हशीच्या दुधातील भरपूर स्निग्धांश आणि दुग्धशर्करा या काळात अनेकांना सोसत नाही. मिसळीतली मटकी, ओले खोबरे आणि मक्याची कणसे पिशवीच्या तोंडाशी अडकू शकतात, म्हणून सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे ती दूर ठेवावीत.

मोठे आतडे शाबूत असून लहान आतड्याचा शेवटचा भाग गेलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. न पचलेली चरबी आतड्यातले कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे एरवी त्या कॅल्शियमला बांधले जाणारे, पण आता मोकळे राहिलेले ऑक्झलेट (पालक, शेंगदाणे यांतला एक घटक) रक्तात जाऊन मुतखडे होतात. अशांनी तेलतूप, पालक आणि शेंगदाणे यांवर लगाम ठेवावा.

उरलेले आतडे साधारण दोन वर्षे स्वतःला बदलत राहते, पण अन्न प्रत्यक्ष त्यातून गेले तरच. म्हणून भीतीपोटी रुग्णाला नुसत्या पेजेवर महिनोन्‌महिने ठेवणे योग्य नाही. दवाखान्यातून निघताना शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. किती सेंटिमीटर आतडे उरले आणि मोठे आतडे जोडलेले आहे की नाही, हे तिच्यात लिहिलेले नसेल तर शल्यचिकित्सकांकडून लिहून घ्यावे आणि तोच कागद आहारतज्ज्ञांना दाखवावा.