‘मी नाहीच’ असं बुद्ध म्हणाले नव्हते

कोल्हापुरात धम्मावर गप्पा रंगल्या की कुणीतरी म्हणतंच: बुद्धांच्या मते ‘मी’ नाहीच, मग कर्माचा जाब कुणाला विचारायचा? हा समज चुकीचा आहे. ‘आत्मा आहे का?’ असं वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकानं (भटक्या संन्याशानं) विचारलं तेव्हा बुद्ध गप्प राहिले. ‘नाही’ असंही म्हणाले नाहीत. सारनाथला पाच भिक्खूंना त्यांनी सांगितलं ते असं: रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (जाणीव) यांपैकी कशालाही ‘हा माझा आत्मा’ म्हणता येत नाही, कारण यातलं काहीच आपल्या हुकमात नाही. महाद्वार रोडच्या गर्दीत कुणी गाडी घासली की कान तापतात, मूठ वळते, ‘माझी गाडी!’ मागोमाग येतं. तेव्हा नीट पाहा. राग असतो, त्याचा मालक सापडत नाही. जबाबदारी मात्र सुटत नाही. शिवी हासडण्यामागच्या चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, बुद्धांनी कर्म म्हटलं आहे.