कुत्र्याला लिंबू लागत नाही, वानराला लागतं

"माणूस माकडापासून झाला म्हणता, मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?" हे दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. २०१८ मध्ये औरंगाबादला एक केंद्रीय राज्यमंत्रीसुद्धा म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही. अहो, चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे, दोन घरं ६०-७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. चुलतभाऊ जिवंत आहे म्हणून आजोबा नव्हतेच असं कोणी म्हणतं का?

पण पाहिलं नाही तर पुरावा काय? मला सगळ्यात आवडणारा पुरावा ताटातल्या लिंबाच्या फोडीत आहे. आमच्या कुत्र्याच्या नाकाशी फोड नेली की तो शिंकून पळतो, जन्मात लिंबू खाल्लं नाही तरी त्याला स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होणारा आजार) होत नाही, कारण त्याचं लिव्हर ग्लुकोजपासून व्हिटॅमिन सी स्वतःच बनवतं. गाय, शेळी, उंदीर सगळे बनवतात. शेवटच्या पायरीला जे एन्झाइम, म्हणजे क्रिया घडवणारं प्रोटीन, लागतं ते बनवण्याची डीएनएतली कृती म्हणजे गुलो हा जीन.

हा जीन आपल्यातही आहे, आठव्या क्रोमोसोमवर, पण मोडका! उंदराच्या गुलोचे १२ तुकडे, आपल्यात त्यातले मोजकेच उरलेत आणि त्यातही अक्षरं गळालीत. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो म्हणून एक गळालं की पुढचं सगळं सरकतं, 'मगर बदक कमळ' मधला ग काढा आणि परत तीन-तीन वाचा, 'मरब दकक मळ'. आता बघा, आपल्यात गळालेलं असंच एक अक्षर चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकडातही नेमक्या त्याच जागी गळालंय. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना कितीतरी पोथ्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, पोथ्यांच्या अभ्यासात दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक दिसली की त्या एकाच जुन्या पोथीवरून उतरवल्या असं धरतात, इथेही तेच. गिनीपिगचाही गुलो मोडलाय, पण तो वेगळा मोडलाय, त्याची पोथी वेगळी.



आपल्या शाखेतला गुलो मोडला साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हाचे पूर्वज दिवसभर पाला आणि फळं खात असणार, म्हणून जीन गेला तरी कोणाचं काही अडलं नाही. आपल्या जंगलात रात्री फिरणारा लोरिसही प्राइमेटच, म्हणजे माणूस-माकडांच्याच गटातला, पण त्याचा गुलो शाबूत आहे, कारण त्याची शाखा त्याआधीच वेगळी झाली होती.