एन.बी.ए. अंतिम मालिका, १९५५

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या व्यावसायिक संघटनेच्या १९५४–५५ च्या हंगामाचे विजेतेपद ठरविणारी सात सामन्यांची मालिका. ३१ मार्च ते १० एप्रिल १९५५ या काळात झालेल्या या मालिकेत सिराक्यूज नॅशनल्सने फोर्ट वेन पिस्टन्सचा ४–३ असा पराभव केला. साखळी सामन्यांत दोन्ही संघांनी प्रत्येकी ४३ विजय मिळविले होते आणि २९ पराभव पत्करले होते.

चोवीस सेकंदांच्या आत बास्केटच्या दिशेने चेंडू टाकलाच पाहिजे, हा नियम याच हंगामात प्रथम लागू झाला. त्यापूर्वी आघाडी घेतलेला संघ चेंडू आपल्याकडेच खेळवत ठेवून वेळ काढू शकत असे; नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेनने मिनीॲपोलिस लेकर्सला १९–१८ असे हरविले, तो सामना या प्रकाराचा कळस होता. नव्या नियमाचे प्रवर्तक डॅनी बियासोन हे सिराक्यूज संघाचे मालक असून त्यांचा व्यवसाय बोलिंग (चेंडू घरंगळत सोडून खुंट पाडण्याचा खेळ) केंद्र चालविण्याचा होता. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात, असे गृहीत धरून त्यांनी सामन्याच्या २,८८० सेकंदांना १२० ने भागले आणि २४ हा आकडा निश्चित केला.

पहिले दोन सामने सिराक्यूजने घरच्या मैदानावर ८६–८२ आणि ८७–८४ असे जिंकले. फोर्ट वेनचे सभागृह बोलिंग स्पर्धेसाठी आधीच दिलेले असल्याने पुढचे तीन सामने इंडियानापोलिस येथे झाले. तेथे पिस्टन्सने ९६–८९, १०९–१०२ आणि ७४–७१ असे सलग विजय मिळवून आघाडी घेतली. सिराक्यूजला परतल्यावर नॅशनल्सने सहावा सामना १०९–१०४ असा जिंकून बरोबरी साधली. एकाही सामन्यात विजयाचे अंतर सातपेक्षा अधिक नव्हते, आणि सातही सामन्यांची बेरीज केली तर पराभूत पिस्टन्सचेच चार गुण जास्त भरतात.

सातव्या सामन्याच्या दुसऱ्या सत्रात पिस्टन्सने १७ गुणांची आघाडी घेतली होती. जुन्या पद्धतीत एवढी आघाडी चेंडू रोखून धरून टिकविता आली असती; चोवीस सेकंदांच्या मर्यादेमुळे तो मार्ग बंद झाला आणि डॉल्फ शेज, अर्ल लॉइड आदी खेळाडूंच्या सिराक्यूजला अंतर भरून काढण्याची संधी मिळाली. १२ सेकंद उरले असताना सिराक्यूजच्या जॉर्ज किंगने फ्री थ्रोवर (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणाऱ्या मुक्त फेकीवर) मिळविलेल्या एका गुणाने ९२–९१ अशी स्थिती झाली. त्यानंतर पिस्टन्सचा अँडी फिलिप अखेरच्या चढाईच्या तयारीत असताना किंगनेच त्याच्याकडून चेंडू हिसकावून घेतला. नव्या नियमाचे मोल या सामन्याइतके स्पष्टपणे त्या हंगामात क्वचितच दिसले असेल.

विजेत्या संघातील लॉइड आणि जिम टकर हे एन.बी.ए. विजेतेपद मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. मालिकेचे या संघटनेच्या इतिहासातील स्थान ठरविताना ही बाब अटीतटीच्या निकालाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. पिस्टन्स पुढच्या वर्षीही अंतिम फेरीत पोहोचले, परंतु फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून हरले. १९५७ मध्ये हा संघ डेट्रॉइटला गेला. नॅशनल्सचे स्थलांतर १९६३ मध्ये फिलाडेल्फियाला झाले.