शिडाच्या नौकांच्या शर्यतीतील स्वयंचलित नियंत्रण

शर्यतीत सुकाणू, शीड किंवा फॉइल (नौकेला पाण्यावर उचलणारे पंख) यंत्राच्या हवाली करता येते का, याचे उत्तर वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या नियमावलीतील नियम ५२ मध्ये आहे. दोर, डोलकाठी, शिडाच्या काठ्या आणि तळाचे हलते भाग (यात सुकाणूही आले) केवळ खलाशांच्या ताकदीने हलवावेत, असे तो सांगतो. नियमावली दर चार वर्षांनी सुधारली जाते. सध्याची २०२५ ते २०२८ साठी आहे.

हा नियम ताकद कुणाची एवढेच पाहतो. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे काम करणाऱ्याला हे लगेच उमगेल: पंप कोण फिरवतो हे महत्त्वाचे, गेज कोण वाचतो हे नव्हे. म्हणून बॅटरीवरचा ऑटोपायलट (सुकाणू आपोआप धरणारे यंत्र) आणि इलेक्ट्रिक विंच (दोर ओढणारी चरखी) नियमबाह्य ठरतात. होकायंत्र, जीपीएस, वाऱ्याचा कोन दाखवणारा पडदा चालतो, कारण तो काहीच हलवत नाही. वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणू-यंत्राला बॅटरी लागत नाही, तरी ताकद खलाशाची नसल्याने शब्दशः तेही बसत नाही. किनाऱ्यावरून खास आपल्याच नौकेसाठी आलेला सल्ला मात्र नियम ४१ मध्ये अडकतो.

नियम ५२ बदलता येतो. एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्यांच्या वांदे ग्लोब शर्यतीत ऑटोपायलट चालतो, कारण खलाशाला झोपावे लागते. गोल्डन ग्लोब शर्यतीत मात्र फक्त वाऱ्यावरचे यंत्र चालते. २०१० च्या अमेरिकाज् कप स्पर्धेत इंजिनाची ताकद वापरण्यास मुभा होती. २०२१ मध्ये याच स्पर्धेतील एसी७५ नौकांचे फॉइल धरणारे हात बॅटरीने हलत, शिडांसाठी मात्र खलाशांनाच हँडल फिरवावे लागे. हॅन्सा या छोट्या नौकांच्या वर्गात तीव्र अपंगत्व असलेल्या खलाशाला सर्वो मोटर (सुकाणू-दोर हलवणारी विजेची मोटर) वापरता येते. सर्वांत न्याय्य सवलत हीच.

बदल वर्गनियमांतून (त्या प्रकारच्या नौकांच्या नियमांतून) किंवा शर्यतीच्या सूचनांतून होतो. सूचनांतून करताना नियमाचा क्रमांक आणि नेमका बदल लिहावा लागतो. घोटाळे होतात ते इथेच. ‘विंचला परवानगी’ एवढेच लिहिले असेल, तर सुकाणूचा ऑटोपायलट नियमबाह्यच राहतो. शंका असल्यास शर्यतीआधी रेस कमिटीला लेखी विचारावे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून चोर्ला घाटाने गोव्यात शर्यतीला जाणाऱ्यांनी उधारीच्या क्रूझर (केबिन असलेल्या मोठ्या) नौकेवर विशेष काळजी घ्यावी. ऑप्टिमिस्टसारख्या छोट्या नौकांवर हा प्रश्न सहसा येत नाही. क्रूझरवर ऑटोपायलट आधीच बसवलेला असू शकतो. तो ‘स्टँडबाय’वर ठेवून भागत नाही, कारण चुकून एक बटण दाबले गेले तरी सुकाणू त्याच्या ताब्यात जाते. टिलर-पायलट (टिलरला, म्हणजे सुकाणूच्या दांड्याला, जोडलेला ऑटोपायलट) असेल, तर त्याचा सरकता दांडा टिलरवरच्या खिळीतून काढून खाली ठेवावा. डेकखालच्या यंत्राचा ब्रेकर पाडावा, शक्य असल्यास फ्यूजही काढावा. बाहेरून न दिसणाऱ्या यंत्राबद्दल प्रोटेस्ट (नियमभंगाची तक्रार) झाला, तर ते बंद होते हे सिद्ध करणे अवघड जाते, आणि नियमभंग ठरल्यास नौका सहसा त्या शर्यतीतून बाद होते.