क्लाउड व्हॉल्यूम

क्लाउडवरील आभासी यंत्राला जोडलेली, पण यंत्र बंद झाले तरी डेटा राखून ठेवणारी डिस्क म्हणजे व्हॉल्यूम. अ‍ॅमेझॉनने ही सेवा २००८ मध्ये ईबीएस (इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर) या नावाने सुरू केली. पुढील तपशील तिचेच आहेत.

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीची ड्रॉइंग्ज किंवा निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची जीएसटी बिले क्लाउडवर ठेवायची, तर मुंबई (२०१६ पासून) किंवा हैदराबाद (२०२२ पासून) हे रीजन (डेटा सेंटरांचे भौगोलिक विभाग) आहेत. व्हॉल्यूम मात्र रीजनमधल्या एकाच झोनचा (रीजनमधील डेटा सेंटरांच्या एका स्वतंत्र गटाचा) असतो. दुसऱ्या झोनमध्ये हवा असल्यास स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेऊन त्यावरून नवा व्हॉल्यूम करावा लागतो.

खरी कसोटी मार्चअखेरीला, डिस्क भरत आल्यावर लागते. कन्सोलमध्ये (सेवेच्या वेबवरील नियंत्रण पानावर) १०० जीबीचे २०० केले तरी लिनक्सवर ‘डीएफ’ ही जागा दाखवणारी कमांड जुनाच आकार दाखवते, कारण पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आणि फाइल सिस्टिम (त्यावरील फायलींची मांडणी) अजून तेवढ्याच असतात. आधी ‘ग्रोपार्ट’ने पार्टिशन वाढवायचे, मग फाइल सिस्टिम एक्स्ट४ असल्यास ‘रिसाइझ२एफएस’, एक्सएफएस असल्यास ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ चालवायचे. यंत्र चालू ठेवून हे होते, तरी त्याआधी स्नॅपशॉट घ्यावाच. एकदा वाढवलेला व्हॉल्यूम पुन्हा लहान करता येत नाही, तेव्हा लागेल तसा वाढवणेच बरे.

भाडे वापरलेल्या जागेचे नसून घेतलेल्या आकाराचे असते. यंत्र थांबवले तरी ते चालूच राहते. यंत्र कायमचे काढून टाकल्यावर मूळ डिस्क (जिच्यावरून यंत्र सुरू होते ती) सहसा त्याच्यासोबत जाते, पण नंतर जोडलेले व्हॉल्यूम मागे उरतात आणि दरमहा पैसे खातात. त्यांची छाननी महिन्याच्या हिशेबातच धरायला हवी. जुन्या जीपी२ प्रकारात दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखने) मिळत, त्यामुळे वेगासाठी नको असलेली जागाही घ्यावी लागे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी३ मध्ये लहान व्हॉल्यूमलाही ३,००० आयओपीएस मिळतात.

एफस्टॅबमध्ये (यंत्र सुरू होताना जोडायच्या डिस्कची लिनक्समधील यादी) व्हॉल्यूमची नोंद डिव्हाइसच्या नावाने न करता यूयूआयडीने (फाइल सिस्टिमच्या अनन्य ओळखक्रमांकाने) करावी, कारण ते नाव बदलू शकते. सोबत ‘नोफेल’ लिहिल्यास व्हॉल्यूम सापडला नाही तरी यंत्र सुरू होते.

सीमाभागात फायलींची नावे मराठीत असतात, तशी कन्नडमध्येही. एक्स्ट४ आणि एक्सएफएस दोन्हींवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात देवनागरी व कन्नड अक्षरचिन्हाला प्रत्येकी ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे ८५ चिन्हांतच मर्यादा संपते. विंडोजवर चाललेले लांबलचक नाव लिनक्सच्या व्हॉल्यूमवर कॉपी करताना अडते, म्हणून स्थलांतरापूर्वी अशी नावे शोधून छोटी करावीत.