इम्प्लांटचा दात खरा दिसायला इतकी वर्षं का लागली

इम्प्लांट करायचं, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर दाताच्या आकाराची कॅप बसवायची, असं ठरलं की दुखेल का, किती दिवस लागतील हे सगळं नंतर येतं, पहिला प्रश्न असतो की लोकांना ओळखू येईल का हो. मी पण हेच विचारलं होतं. वरचा अगदी पुढचा दात गेलेला, आणि डॉक्टरांनी दाताच्या रंगाबद्दल एक अक्षर न बोलता माझा ओठ वर उचलून बराच वेळ हिरडीच बघितली, मग म्हणाले हसा बघू मोठ्याने. तेव्हा काही कळलं नाही. नंतर या विषयाचा इतिहास वाचत गेले तेव्हा समजलं की ते बरोबर जागी बघत होते, कारण दात हुबेहूब बनवणं माणसाला बऱ्यापैकी लवकर जमलं होतं, त्याच्याभोवतीची हिरडी खरी वाटणं हे मात्र अगदी अलीकडचं आहे.

सुरुवात फार जुनी आहे. १९३१ मध्ये होंडुरासमध्ये उत्खननात एक खालच्या जबड्याचा तुकडा मिळाला, माया काळातला, साधारण इ.स. ६०० चा. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे दाताच्या आकाराचे तुकडे बसवलेले होते. बरीच वर्षं असं मानत होते की माणूस मेल्यावर विधी म्हणून ते बसवले असतील, पण १९७० मध्ये अमादेओ बोब्बिओ यांनी त्याचे एक्स-रे काढले तर त्या शिंपल्यांभोवती हाड तयार झालेलं दिसलं, म्हणजे ते जिवंत माणसाच्या जबड्यात बसवले होते आणि हाडाने ते धरून ठेवले होते! मला यात एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे त्या कारागिराने शिंपलाच निवडला. पांढरा, थोडी चमक असलेला, दातासारखा दिसणारा. म्हणजे दिसण्याची काळजी तेव्हापासूनच आहे.

त्यानंतर कितीतरी शतकं दात हाडात रोवणं बाजूलाच पडलं आणि सगळा भर कवळीवर राहिला. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, आणि हो, माणसांचे दातसुद्धा. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या सैनिकांचे दात काढून विकले गेले, आणि अशा कवळ्यांतल्या दातांना पुढे वॉटर्लूचे दात हेच नाव पडलं. दिसायला ते खरेच दिसायचे कारण ते खरेच होते, पण कुजायचे, वास यायचा. याच वासाला कंटाळून फ्रान्समधल्या द्युशातो नावाच्या औषधविक्रेत्याने १७७० च्या दशकात पोर्सिलेनची कवळी करून बघितली, आणि १८०८ मध्ये पॅरिसमध्ये फोन्झी या इटालियन दंतवैद्याने प्लॅटिनमची पिन असलेले सुटे पोर्सिलेनचे दात आणले. इथून खोटा दात सुटा, एकेकटा रंगवता यायला लागला. पुढची दीडशे वर्षं पोर्सिलेन सुधारत गेलं आणि १९५६ मध्ये विटा कंपनीची शेड गाईड आली, तीच ती ए१ पासून डी४ पर्यंतची सोळा दातांची पट्टी जी आजही डॉक्टर तोंडाशी धरून रंग जुळवतात.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दात नुसता पांढरा नसतो, वरच्या कवचातून म्हणजे इनॅमलमधून उजेड आत जातो, आतल्या डेंटिनच्या थरावरून परत येतो, कडेला दात किंचित निळसर पारदर्शक दिसतो आणि हिरडीजवळ पिवळसर. शिवाय अल्ट्राव्हायोलेट उजेडात खरा दात निळसर चमकतो, साधं पोर्सिलेन तसं चमकत नाही, त्यामुळे त्या उजेडात कॅप काळपट दिसायची. हे टाळायला पोर्सिलेनमध्ये कित्येक वर्षं अगदी थोडं युरेनियम मिसळायचे! पुढे ते बंद झालं आणि दुसरी द्रव्यं वापरात आली. पण विचार करा, दात खरा दिसावा म्हणून लॅबवाले किती बारकाईने बघत होते ते.

आता खुद्द इम्प्लांट. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बरेच प्रयोग झाले, ग्रीनफिल्डचं इरिडियम-प्लॅटिनमचं जाळीदार मूळ, १९३० च्या दशकाच्या शेवटी स्ट्रॉक बंधूंचे व्हिटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू, मग हिरडीखाली हाडावर ठेवायच्या चौकटी, १९६० च्या दशकातली लिन्कोची पात्यासारखी इम्प्लांट. काही चालली, बरीच हलायला लागली आणि काढावी लागली. दात कसा दिसतो हा प्रश्न या लोकांसमोर नव्हताच, कारण तो टिकतो का हेच माहीत नव्हतं.

ते कळलं स्वीडनमध्ये. १९५२ मध्ये लुंडमध्ये पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून रक्ताभिसरण बघत होते, दातांशी काही संबंध नव्हता, आणि काम झाल्यावर ते उपकरण काढायला गेले तर ते हाडाने असं पकडलेलं की निघेचना. १९६५ मध्ये गोथेनबर्गमध्ये त्यांनी गोस्टा लार्सन यांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सनना जन्मतः टाळू दुभंगलेली होती, जबड्यातही व्यंग होतं. त्यांचे ते इम्प्लांट ते गेले तोपर्यंत म्हणजे २००६ पर्यंत चालले, चाळीस वर्षांहून जास्त. बाकी जगाने हे मनापासून मान्य केलं ते १९८२ च्या टोरंटोच्या परिषदेनंतर.

पण त्या काळच्या इम्प्लांटवरच्या दातांचे फोटो बघितलेत तर आजच्या माणसाला धक्का बसेल. पेशंट बहुतेक पूर्ण बोळके झालेले, खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात पाच-सहा स्क्रू, त्यावर धातूचे खांब हिरडीतून वर आलेले आणि त्यांच्यावर एक सलग ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दातांची रांग, आणि ब्रिज व हिरडी यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट, ब्रश नीट फिरावा म्हणून. पुराच्या पाण्यावर खांबांवर उभं असलेलं घर असतं ना तसं. खालच्या जबड्यात हे ओठाआड लपायचं. वरच्या जबड्यात तेच केलं तर हसताना खांब दिसायचे आणि बोलताना फटीतून हवा जायची, स आणि फ चे उच्चार बिघडायचे. तरी मी त्या डॉक्टरांना दोष देणार नाही. ज्याला वर्षानुवर्षं हलणाऱ्या कवळीने नीट चावता येत नव्हतं त्याला घट्ट बसलेले दात मिळाले, तो दिसण्याची तक्रार कशाला करेल.

तक्रार सुरू झाली ती एका दाताच्या इम्प्लांटपासून, १९८० च्या दशकात. आता पेशंट वेगळा होता, बाकी सगळे दात शाबूत, मधला एकच गेलेला, अपघातात वगैरे, आणि नव्या दाताच्या डाव्या-उजव्या बाजूला खरा दात उभा, तुलना करायला. सलग ब्रिजमध्ये जे खपत होतं ते इथे एका नजरेत पकडलं जायचं. आणि इथेच सगळ्यांच्या लक्षात आलं की अडचण वेगळीच आहे. नेहमीचा इम्प्लांट गोल, ३.७५ मिमी जाड. वरच्या पुढच्या दाताची मान मात्र हिरडीपाशी साधारण ७ मिमी रुंद आणि आकाराने तिकोनी. म्हणजे गोल बारीक काठीवर रुंद दात बसवायचा, आणि तो रुंद होण्याची सगळी उतरण हिरडीच्या आत लपली पाहिजे, नाहीतर काडीवर लावलेल्या गोळीसारखा दिसतो. मग इम्प्लांट हिरडीच्या होऊ घातलेल्या काठापासून ३ मिमीच्या आसपास खोल बसवायला लागले. १९८८ च्या सुमारास लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून असा जोड आला की ज्यात मधला धातूचा खांब गाळून कॅप सरळ इम्प्लांटवरून हिरडीच्या आतूनच उगवल्यासारखी वर आणता आली. धातूची कड दिसायची बंद झाली. हा मला या सगळ्या गोष्टीतला खरा वळणाचा टप्पा वाटतो, जरी त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही.

तरीही दात ओळखू यायचे, दोन कारणांनी. एक म्हणजे दोन दातांच्या मधला हिरडीचा तिकोनी कोंब. तो गेला की तिथे काळा त्रिकोण दिसतो, आणि एकदा दिसला की नजर दुसरीकडे जातच नाही. १९९२ मध्ये डेनिस टार्नो या अमेरिकन दंतवैद्याने आणि सहकाऱ्यांनी खऱ्या दातांमध्ये मोजून दाखवलं की दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून खालच्या हाडापर्यंत अंतर ५ मिमी किंवा कमी असेल तर हा कोंब जवळजवळ नेहमी पूर्ण भरलेला असतो, ६ मिमी झालं की निम्म्याहून थोड्या जास्त ठिकाणी, आणि ७ मिमी असेल तर साधारण पाव ठिकाणीच. एक-एक मिलिमीटरचा खेळ! म्हणजे हिरडी टिकते ती तिथेच जिथे हाड तिला धरून ठेवतं, कॅप कितीही सुंदर असली तरी हाड नसेल तर कोंब येत नाही. आणि शेजारी शेजारी दोन इम्प्लांट असले तर हे अजून अवघड होतं, हे पण त्यांनीच पुढे दाखवलं.

दुसरं कारण म्हणजे दात काढल्यावर हाड झिजतं. २००३ मध्ये एका डॅनिश अभ्यासात दिसलं की दात काढल्यापासून वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्मी होते, आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडची हाडाची भिंत बहुतेकांची १ मिमीपेक्षाही पातळ असते, तिला रक्त मिळतं ते बरंचसं दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंकडून, मूळ गेलं की ती विरघळायला लागते. बाहेरून काय दिसतं, तर तिथे हिरडी आत दबलेली, सावली पडलेली, आणि दात शेजारच्यापेक्षा लांब. दात काढल्या काढल्या लगेच इम्प्लांट बसवला की ही झीज थांबेल अशी बऱ्याच जणांना आशा होती, पण २००५ च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांत आराउजो आणि लिंडं यांनी दाखवलं की तसं होत नाही, नुसता स्क्रू बसवून भिंत वाचत नाही. म्हणून मग बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाची भर घालणं, पडदा घालून हाड वाढवणं, टाळूतून काढलेल्या ऊतीचा तुकडा हिरडीखाली सरकवून ती जाड करणं, हे सगळं पुढच्या दातांसाठी नेहमीचं झालं. लोकांना वाटतं डॉक्टर उगाच काम वाढवतायत, तर दर वेळी तसं नसतं, या तुकड्यावरच बरंचसं दिसणं अवलंबून असतं.

हिरडी जाड करण्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे करडेपणा. टायटॅनियम करड्या रंगाचं आणि पातळ हिरडीतून ते झिरपून दिसतं, दात छान पण त्याच्या मुळाशी निळसर-करडी झाक. २००७ मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी डुकरांच्या जबड्यावर वेगवेगळ्या जाडीच्या हिरडीखाली वेगवेगळे पदार्थ ठेवून रंग मोजला, तर ३ मिमी जाडी झाली की खाली काय आहे ते डोळ्याला कळतच नव्हतं, आणि २ मिमीला झिर्कोनिया हे सिरॅमिक लपत होतं पण टायटॅनियम नाही. पांढऱ्या झिर्कोनियाचे जोड पुढच्या दातांसाठी इतके का वापरतात त्याचं उत्तर यात आहे. अर्थात झिर्कोनियाचंही सुरुवातीचं रूप खडूसारखं मठ्ठ पांढरं होतं, पारदर्शकपणा नंतरच्या प्रकारांत आला.

आणि मग मोजमापाची पद्धतच बदलली. जुन्या अभ्यासांत इम्प्लांट यशस्वी म्हणजे हलत नाही, दुखत नाही, हाड टिकलंय, एवढंच. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या फ्युरहाउझर आणि मंडळींनी हिरडीला मार्क द्यायची पद्धत आणली, नावच गुलाबी गुण अशा अर्थाचं, सात गोष्टी बघायच्या, दोन्ही बाजूंचे कोंब, हिरडीची उंची, तिची कमान, फुगवटा, रंग, पोत, प्रत्येकाला ० ते २, एकूण १४. दाताच्या पांढऱ्या भागासाठीची अशीच पद्धत आली ती नंतर, २००९ मध्ये. आधी गुलाबी मग पांढरं, हा क्रम मला फार बोलका वाटतो.

माझ्या बाबतीत डॉक्टरांनी कायमची कॅप लगेच दिलीच नाही. आधी प्लास्टिकची तात्पुरती कॅप, दर काही आठवड्यांनी तिच्या हिरडीतल्या भागात थोडी भर घालायची, थोडं घासायचं, आणि हिरडीला हळूहळू दाबत तिला दाताच्या मानेचा तिकोनी आकार द्यायचा. तेव्हा मला हे वेळकाढूपणाचं वाटलं होतं. मग तोच आकार लॅबला पाठवला आणि पक्की कॅप त्यात नेमकी बसली. आता बोलताना समोरच्याला कळत नाही, मला मात्र आरशात कळतं कारण मला कुठे बघायचं ते माहीत आहे.

आणि एक गोष्ट अजून कोणाला सोडवता आलेली नाही. खरा दात हाडात तंतूंवर टांगलेला असतो आणि मोठेपणीही वर्षानुवर्षं अगदी थोडा थोडा खाली सरकत राहतो, जबडाही हळूहळू बदलतो. इम्प्लांट हाडाला थेट चिकटलेला, तो जागचा हलत नाही. म्हणून वाढत्या वयाच्या मुलांना इम्प्लांट देत नाहीत, वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगतात, आणि मोठ्यांमध्येही दहा-पंधरा वर्षांनी कधी कधी इम्प्लांटचा दात शेजाऱ्यापेक्षा किंचित आखूड दिसायला लागतो. तेव्हा वरची कॅप काढून नवीन, थोडी लांब करून बसवतात, खालचा स्क्रू तसाच राहतो.